तांबी बसवल्यावर किती दिवस अंगावरून जातं? नेहमीचं काय आणि दवाखाना कधी गाठायचा?

"तांबी बसवून वीस दिवस झाले, अजून डाग लागतोय. काढून टाकू का?"

"पाळी आधी चार दिवसांत संपायची, आता आठ दिवस चालते. पिशवीला काही झालं तर नसेल?"

"सासूबाई म्हणतात, तांबीनं अंगातलं रक्त जाते. खरं आहे का?"

तांबी बसवलेल्या बाईच्या मनात हे प्रश्न पहिल्याच महिन्यात येतात. विचारायचे कोणाला, हा त्यापुढचा प्रश्न. दवाखान्यात गर्दी असते, घरात हा विषय काढायची सोय नसते आणि शेजारीण सांगते ती तिच्या जावेची गोष्ट असते. मग एक तर बाई घाबरून तांबी काढून टाकते, नाहीतर सहा-आठ महिने सगळं मुकाट्यानं अंगावर काढते. दोन्हींत नुकसान तिचंच होतं.

थोडक्यात उत्तर असं: तांब्याच्या तांबीनंतर पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाणं, जास्त दिवस चालणं आणि मधेच डाग लागणं हे नेहमीचं आहे. बहुतेक जणींचं ते हळूहळू कमी होतं. पण "नेहमीचं आहे" याचा अर्थ "सहन करा" असा नाही. किती जातंय ते बघायचं, हिमोग्लोबिन तपासायचं आणि काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. आता हेच नीट समजून घेऊ.

तांबी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची, बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान अशी प्लॅस्टिकची वस्तू. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, म्हणून मराठीत नाव पडलं तांबी. डॉक्टर किंवा शिकलेली सिस्टर ती योनीमार्गातून गर्भाशयात बसवते. खाली एक बारीक दोरा राहतो. तांबी जागेवर आहे की नाही हे त्यावरून कळतं आणि काढताना त्याच दोऱ्यानं ती ओढून काढतात.

सरकारी दवाखान्यात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. कॉपर टी ३८० ए दहा वर्षं चालते आणि कॉपर ३७५ पाच वर्षं. दोन्ही मोफत. तांब्याचे कण शुक्राणूंना निकामी करतात, त्यामुळे गर्भ राहत नाही. वर्षभरात शंभरात एकीपेक्षाही कमी बायकांना गर्भ राहतो, इतकी ती भरवशाची आहे.

तिसरा प्रकार हार्मोनच्या तांबीचा. तिच्यात तांबं नसतं. ती खासगी दवाखान्यात मिळते आणि महाग असते. रक्तस्रावाच्या बाबतीत तिची चाल अगदी उलटी आहे, ते पुढे येईलच. तुमच्या पोटात यांतली कोणती आहे, हे आधी माहीत हवं. बसवताना कार्ड मिळतं. त्यावर प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख लिहिलेली असते. ते रेशनकार्डाइतकंच जपून ठेवा आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

रक्त जास्त का जातं?

तांबी अंगातलं रक्त शोषत नाही. घडतं ते वेगळंच.

पायात काटा रुतला की त्याभोवतीची जागा लाल होते, सुजते. गर्भाशयातही तांबीभोवती अशीच सौम्य सूज येते. हा जंतुसंसर्ग नव्हे, बाहेरच्या वस्तूला शरीरानं दिलेलं उत्तर आहे. या सुजेमुळे गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात. त्यांनी गर्भाशय जास्त आवळतं, म्हणून ओटीपोटात आणि कमरेत कळा येतात.

दुसरी गोष्ट रक्त गोठण्याची. पाळीत अस्तर सुटतं तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि गोठलेलं रक्त ती तोंडं बंद करतं. तांबी असताना या गुठळ्या विरघळवणारी द्रव्यं अस्तरात वाढतात. त्यामुळे तोंडं बंद व्हायला वेळ लागतो आणि पाळी लांबते.

काही महिन्यांत गर्भाशयाला तांबीची सवय होते, सूज उतरते आणि रक्तस्रावही कमी होत जातो. तरी काही जणींची पाळी तांबी असेपर्यंत पहिल्यापेक्षा थोडी जास्तच राहते.

महिन्यागणिक काय होतं?

बसवल्याच्या दिवशी: थोडं रक्त, ओटीपोटात कळा, कधी चक्कर. कळा बहुतेक एक-दोन दिवसांत कमी होतात. घरी जाताना सोबत कोणीतरी असलेलं बरं.

पहिले काही दिवस ते काही आठवडे: अधूनमधून डाग लागतो. रंग गुलाबी, लाल किंवा तपकिरी असू शकतो. तपकिरी म्हणजे जुनं, सावकाश बाहेर आलेलं रक्त. कोणाचं चार दिवसांत थांबतं, कोणाचं तीन आठवडे चालतं.

पहिली पाळी: बहुतेकींना हीच घाबरवते. ती जास्त जाते, कळा वाढतात आणि दोन-तीन दिवस जास्त चालते. तांबी आपोआप बाहेर पडण्याचा धोकाही पहिल्या काही पाळ्यांत जास्त असतो. साधारण वीस जणींमागे एकीची तांबी अशी निघून येते आणि कधी कधी ते कळतही नाही. म्हणून पहिली पाळी झाली की, महिना-सव्वा महिन्यानं, एकदा दाखवून यायचं.

दुसरा ते सहावा महिना: पाळी जास्तच असते, पण दर महिन्याला थोडी उतरत जाते. मधेच डाग लागणं कमी होतं. या महिन्यातली पाळी मागच्यापेक्षा कमी आहे का, हे बघायचं.

सहा महिन्यांनंतर: बऱ्याच जणींची पाळी आता बसते. सहा महिने होऊनही पाळी पहिल्या महिन्यासारखीच चालली असेल किंवा वाढत असेल, तर तपासून घ्यायचंच.

दोन-चार वर्षांनी एकदम वाढलं तर: त्याला "तांबीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. तांबी सरकली असेल, संसर्ग असेल, गर्भाशयात गाठ असेल, गर्भ राहिला असेल किंवा चाळिशीनंतरचे हार्मोनचे बदल असतील. कारण शोधावं लागतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तांब्याची तांबी पाळी थांबवत नाही. तिच्यात हार्मोन नसतं. त्यामुळे नियमित येणारी पाळी चुकली, तर "तांबीनं थांबली असेल" असं धरून बसू नका. आधी गर्भाची तपासणी करा. तांबी असताना गर्भ राहणं विरळा आहे, पण राहिलाच तर तो गर्भनळीत असण्याची शक्यता जास्त असते आणि ते जिवावर बेतू शकतं.

हार्मोनची तांबी असेल तर?

हिचं वेळापत्रक वेगळं आहे. पहिले तीन ते सहा महिने डाग कधीही लागतो आणि त्याचा अंदाज येत नाही. रक्त थोडंच असतं, पण दिवस बरेच. त्यानंतर पाळी कमी कमी होत जाते. वर्षभरानंतर साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. रक्त आत साचल्यामुळे असं होत नाही. अस्तरच पातळ झालेलं असतं, त्यामुळे बाहेर पडायला फारसं काही उरत नाही. तांबी काढली की पाळी परत सुरू होते.

म्हणूनच मुळातच जास्त पाळी जाणाऱ्या बाईला डॉक्टर ही तांबी उपचार म्हणूनही सुचवतात.

बाळंतपणात बसवली असेल तर?

सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सिझेरियन चालू असतानाच तांबी बसवण्याची सोय आहे. अशा वेळी तांबीमुळे जाणारं रक्त वेगळं ओळखता येत नाही, कारण बाळंतिणीला तसंही चार-सहा आठवडे जातच असतं. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर पांढरं. हा क्रम चालू असेल तर काळजीचं कारण नाही. उलटा फिरला, म्हणजे कमी झालेलं रक्त पुन्हा लालभडक आणि भरपूर जायला लागलं, वास यायला लागला किंवा ताप आला, तर लगेच दाखवायचं.

बाळंतपणात बसवलेली तांबी निघून येण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं. म्हणून सहा आठवड्यांनी बाळाच्या लशीला जाल तेव्हाच स्वतःचीही तपासणी करून घ्या. बाळ अंगावर पीत असेपर्यंत काही महिने पाळी न येणंही नेहमीचं आहे.

आणखी एक. बाळंतपणाच्या वेळी तांबी बसवायची असेल तर बाईला आधी सांगून, तिचा होकार घेऊनच बसवली पाहिजे. आपल्याला तांबी बसवली आहे की नाही याची खात्री नसेल, तर डिस्चार्ज कार्डावर बघा आणि सरळ विचारा. तो तुमचा हक्क आहे.

हेच आधी सांगितलं नाही, म्हणून एक अख्खी योजना कोसळली

रक्तस्रावाबद्दल आधी सांगणं किती महत्त्वाचं आहे, याचा धडा देशानं साठ वर्षांपूर्वी घेतला आहे.

१९६५ साली भारत सरकारनं कुटुंब नियोजनासाठी 'लूप' आणला. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लिपीस यांनी तयार केलेलं हे साधन म्हणजे प्लॅस्टिकची नागमोडी पट्टी. त्यात तांबं नव्हतं आणि आकारानं ते आजच्या तांबीपेक्षा मोठं होतं. सरकारला त्यातून फार आशा होत्या. कानपूरला लूप बनवण्याचा कारखाना उभा राहिला, गावोगाव शिबिरं लागली, आकड्यांची उद्दिष्टं दिली गेली आणि पहिल्या दोन वर्षांत लाखो बायकांनी लूप बसवून घेतला.

मग अंगावरून जास्त जायला लागलं. असं होऊ शकतं हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलं नव्हतं. शिबिर उठून गेलं होतं, तपासायला परत कोणी येत नव्हतं. लूपनं बाई वाळते, लूप पोटातून वर चढतो, लूपनं कॅन्सर होतो, अशा गोष्टी गावात पसरल्या. १९६७-६८ पासून लूप बसवणाऱ्यांची संख्या घसरत गेली आणि कुटुंब नियोजनाचा सगळा भार ऑपरेशनवर गेला.

१९६० च्या दशकाच्या शेवटी चिलीतले डॉ. हाइमे झिपर आणि अमेरिकेतले डॉ. हॉवर्ड टाटम यांनी टी आकार आणि तांबं यांचा मेळ घातला. साधन लहान झालं आणि जास्त भरवशाचंही. भारतात २००२ पासून कॉपर टी ३८० ए सरकारी कार्यक्रमात आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघी तांबी वापरत होत्या, तर महाराष्ट्रात जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं.

लूपबद्दलची भीती आजही आजी-सासूच्या बोलण्यातून तांबीला येऊन चिकटते. त्यांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. त्या पिढीनं खरंच सोसलं आहे. फरक एवढाच की साधन बदललंय आणि रक्तस्रावावर काय करायचं हे आज माहीत आहे.

वऱ्हाडात याकडे जास्त लक्ष का द्यायचं?

कारण इथे बऱ्याच बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. अमरावती आणि अकोल्यात वावरात निंदणारी, कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी बाई दिवसभर उन्हात वाकून काम करते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे तर दवाखान्यापर्यंत पोचणं हेच एक काम असतं. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटाचा रस्ता.

आता हिशेब बघा. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे मोठे दोन-तीन चमचे. तांब्याच्या तांबीनं ते साधारण दीडपट होऊ शकतं. वाढलेलं रक्त म्हणजे आणखी एक-दीड मोठा चमचा. ऐकायला थोडं वाटतं. पण एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. २० मिलिलिटर जास्त गेलं की ८ ते १० मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून रोज शरीराला लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे साधारण आठवडाभराची कमाई दर महिन्याला जास्तीची खर्च होते.

हिमोग्लोबिन १२ च्या वर असलेल्या बाईला हे झेपतं. ज्या बाईचं आधीच ९ आहे तिला वर्षभरात दम लागतो, पायात गोळे येतात, वेचणीला सोबतच्या बायांच्या मागे पडायला होतं. मग घरचे म्हणतात आळशी झाली आणि ती स्वतः म्हणते तांबीनं खाल्लं.

म्हणून तांबी बसवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा आणि बसवल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. रक्तक्षय आहे म्हणून तांबी बसवताच येत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे रक्तक्षय किंवा सिकलसेल आजार असला तरी तांब्याची तांबी साधारणपणे चालते, फक्त लक्ष ठेवावं लागतं. हार्मोनची तांबी अशा बाईला जास्त सोयीची. विदर्भात सिकलसेल आढळतो, त्यामुळे घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणखी एक अडचण कोणी कागदावर लिहीत नाही. ज्या घरात अजून बाहेर बसणं पाळतात, तिथे डाग वीस दिवस लागला तर बाई वीस दिवस बाजूला. स्वयंपाक नाही, देवघर नाही, वर टोमणे. पुष्कळ तांब्या दुखण्यामुळे नाही, या जाचामुळे निघतात. डाग म्हणजे पाळी नव्हे, तांबी बसताना होणारा तो तात्पुरता बदल आहे, एवढं घरातल्या पुरुषानं आपल्या आईला सांगितलं तरी मोठी मदत होते.

किती गेलं म्हणजे जास्त?

रक्त मोजायला मापाचं भांडं लागत नाही. या खुणा बघा:

- पॅड किंवा कपडा दोन तासांच्या आत बदलावा लागतो
- रात्री बदलण्यासाठी उठावं लागतं किंवा एकावर एक दोन पॅड लावावे लागतात
- दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात
- पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालते
- पाळीमुळे मजुरी बुडते, कॉलेज बुडतं

यांतलं काही दर महिन्याला होत असेल, तर पुढच्या आठ-पंधरा दिवसांत दवाखान्यात दाखवा. जाताना कॅलेंडर सोबत न्या. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज एक खूण पुरते: डागाला एक टिंब, नेहमीच्या रक्ताला एक रेघ, जास्तीला दोन रेघा. "लई जाते" यापेक्षा तीन महिन्यांच्या खुणा पाहून डॉक्टरांना पटकन कळतं.

त्याच दिवशी दवाखाना कधी गाठायचा?

- दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि असं सलग दोन-तीन तास चाललंय
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, बसल्या जागी दम
- ताप, थंडी, ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, घाण वासाचं पाणी जाणं. बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत याकडे विशेष लक्ष द्या, संसर्गाचा धोका तेव्हाच जास्त असतो
- पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला दुखतंय किंवा डाग लागतोय
- तांबीचं टोक हाताला लागतंय, किंवा दोरा एकदम लांब झालाय किंवा सापडत नाही. दोऱ्याची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत निरोध वापरा

पहिल्या दोन खुणांत आणि पाळी चुकून पोटात जोरात दुखत असेल तेव्हा सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत असते.

संबंधानंतर रक्त येत असेल तर त्याचंही कारण बघून घ्या. ते गर्भाशयाच्या तोंडाशी असू शकतं, तांबीशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

उपाय काय?

पाळीच्या दिवसांतल्या गोळ्या. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्यामुळे कळाही कमी होतात आणि रक्तही. त्या पाळीचे तीन-पाच दिवसच, जेवण झाल्यावर घ्यायच्या. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन मात्र नको, त्यानं रक्त जास्त जाऊ शकतं.

रक्त थांबवणारी गोळी. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड गुठळ्या विरघळू देत नाही, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या कारणावरच घाव घालते. ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्यांना ती चालत नाही.

लोहाची गोळी. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळणारी लाल गोळी हीच. रक्तक्षय असेल तर रोज किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा वरूड-मोर्शीचं संत्रं सोबत असलं तर लोह जास्त लागतं. पालेभाज्या, चवळी, हरभरा, तीळ खाच, पण हिमोग्लोबिन ९ असताना नुसत्या भाजीनं ते भरून निघत नाही. गोळीच लागते.

तपासणी. दोरा बघणं, गरज पडली तर सोनोग्राफी. तांबी तिरकी बसली असेल किंवा खाली सरकली असेल तर काढून दुसरी बसवता येते.

तांबी काढणं. तपासणी झाली, उपाय करून पाहिले, तरी त्रास नको वाटतो? तर काढून घ्या. मुदत संपायची वाट बघायची गरज नाही, नवऱ्याची सही लागत नाही आणि "अजून सहा महिने थांबा" असं कोणी तुम्हाला बळजबरीनं सांगू शकत नाही. काढायला काही मिनिटं पुरतात. काढल्याबरोबर गर्भ राहू शकतो, म्हणून दुसरं साधन त्याच दिवशी ठरवा. पण स्वतः दोरा ओढून काढायचा प्रयत्न करू नका.

गर्भपिशवी काढणं हा तांबीच्या रक्तस्रावावरचा उपाय नव्हे. हे ठळकपणे सांगायचं कारण म्हणजे बीड. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून जातं, पोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना थेट ऑपरेशन सांगितलं गेल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. तांबीमुळे रक्त जात असेल तर आधी तांबी काढून बघायची. "पिशवी काढा" असं कोणी पहिल्याच भेटीत म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

तांबी विसरू नका

बसवली, सवय झाली आणि कार्ड हरवलं, असं फार होतं. मुदत संपलेली तांबी काढून घ्यावी लागते. पाळी जाण्याच्या वयात तांबी असेल तर शेवटच्या पाळीनंतर साधारण वर्षभरानं ती काढतात. आणि पाळी कायमची गेल्यानंतर, वर्षभरानं जरी एक डाग लागला, तरी तो तपासायचाच. तो तांबीचा असेल असं धरून चालू नका.

कुठे जायचं?

डाग, कळा, गोळ्या आणि हिमोग्लोबिनसाठी गावचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. दोरा सापडत नसेल, सोनोग्राफी लागणार असेल तर धारणी, अचलपूर, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. त्यापुढे अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे सगळे ज्याला डफरीन म्हणतात ते. अकोल्यात जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे लेडी हार्डिंग, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय. फोनवर विचारायचं असेल तर १०४ हा आरोग्य सल्ल्याचा सरकारी क्रमांक आहे.

तांबी अजून बसवायची असेल, तर टेबलावर झोपण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या. ही कोणत्या प्रकारची? किती वर्षांची? माझं हिमोग्लोबिन किती? पाळी जास्त गेली तर कोणती गोळी घेऊ? आणि परत दाखवायला कधी येऊ?

पाचही उत्तरं कार्डाच्या मागे लिहून घ्या. ही माहिती तांबी बसवलेल्या किंवा बसवणार असलेल्या बहिणीला, भावजयीला, मैत्रिणीलाही पाठवा.